तांबडं वजा, हिरवं अधिक

पावसाळ्यात माथेरानला लॅपटॉप नेणं म्हणजे पंगतीला घरचा डबा घेऊन बसणं. तरी मी नेला. दस्तुरी नाक्यावर गाडी सोडावी लागते. कामाला असा नाका नाही. पायवाटेवर एका माकडानं माझी पिशवी तपासली. चार्जर हुंगून फेकला, छत्री नाकारली, बिस्किटं मंजूर केली. इतका झटपट आणि इतका ठाम रिव्ह्यू आमच्या टीममध्ये कुणाला जमत नाही. फक्त कारणं द्यायची राहिली.

आमच्याकडे कुणाचाही कोड दुसऱ्याच्या नजरेखालून गेल्याशिवाय सगळ्यांच्या कोडात मिसळत नाही. पडद्यावर काढलेल्या ओळी तांबड्या, वजा चिन्हाच्या. नव्या हिरव्या, अधिक चिन्हाच्या. लॉजच्या खिडकीबाहेर जुलै महिना हेच करत बसला होता. तांबडी माती ओहोळांतून नेरळकडे उतरत होती आणि कालच्या उघड्या दगडावर आज शेवाळ चढलं होतं. २००५ च्या एप्रिलमध्ये लिनस टॉरवाल्ड्सनं कोडातल्या अशा बदलांची नोंद ठेवणारं ‘गिट’ लिहायला घेतलं, त्यात खोडलेलंही इतिहासात जपून राहतं. त्याच वर्षीच्या जुलैत पावसानं १९०७ पासूनची इथली छोटी रेल्वे जागोजाग उखडली. ती पुन्हा धावायला २००७ उजाडलं. गिटमध्ये मागे फिरायला एक आज्ञा पुरते. रुळांना मात्र गँगमन लागतात, खडी लागते, आणि पाऊस थांबावा लागतो.

गिटमध्ये ‘ब्लेम’ नावाचीही एक आज्ञा आहे. नाव भांडकुदळ, पण स्वभाव गावातल्या म्हातारीसारखा: ही ओळ शेवटी कुणाच्या हातची, कधीची, सगळं सांगते. त्या दिवशी तपासायला आलेल्या बदलात एक जुनी ओळ तांबडी झाली होती, तिच्यावरच्या टिपेसकट: ‘हात लावू नका, अंगाशी येईल.’ आज्ञा दिली, तर नाव आलं ते नोकरी सोडून गेलेल्या आमच्या एका मित्राचं. वेळ रात्री दोन वाजून दहा मिनिटं. तेव्हा त्याची मुलगी तान्ही होती. एका हातानं झोळी हलवत, दुसऱ्यानं तो कोड लिहायचा.

बदल बिनचूक होता. ओळीची गरज उरली नव्हती. इतिहासात ती राहणारच होती म्हणा, पण तिथं मुद्दाम डोकावतं कोण? ‘मंजूर’वर बोट ठेवलं आणि नेटवर्क गेलं. तासाभरानं, दोन चहांनंतर, आलं. मी शेरा लिहिला: ‘ओळ काढायला हरकत नाही. टीप राहू द्या.’

खालून लगेच प्रश्न आला, ‘कारण?’

मी बिस्किटांचा रिकामा पुडा चाचपत बसलो.