मापाने शिवलेलं संकेतस्थळ

सरकारी संकेतस्थळ ‘खास तुमच्यासाठी’ म्हणजे वरचं छायाचित्र तुमचं. बीडला कंकालेश्वर, आमच्या छत्रपती संभाजीनगरला वेरूळ नाहीतर बीबी का मकबरा. कापड, काजं, बटणं तीच. राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राचा तयार साचाच आहे, आणि खरं सांगायचं तर जिल्ह्यागणिक निविदा काढण्यापेक्षा तो परवडला. 2009 पासून केंद्राची नियमावलीही आहे: अंधांना वाचनयंत्रावर ऐकता यावं, अक्षरं मोठी करता यावीत, पान शेवटचं कधी बदललं तेही लिहावं. हा शेवटचा नियम म्हणजे कबुलीजबाबच, म्हणून तो पार तळाशी, बारीक अक्षरात.

माहिती अधिकार कायद्याच्या कलम 4 प्रमाणे 17 बाबी आपणहून जाहीर कराव्या लागतात. कार्यालयं त्या करतातही, तिरक्या स्कॅन केलेल्या पीडीएफमध्ये. त्यात एक शब्द शोधून दाखवावा! मान्यवरांचे फोटो मात्र टपकन उघडतात. जायकवाडी धरणाचं पाणी गल्लीत कोणत्या दिवशी, किती वाजता येणार, हे मात्र आम्हांला संकेतस्थळावरून नाही, लाइनमनकडून व्हॉट्सॲपवर कळतं. परवा त्यानं दोन तास उशीर होणार म्हणून माफीसुद्धा मागितली.