आप्पा, तळ्यात नीळ टाकलेली नाही

कॅलगरी, ऑगस्ट

ती. आप्पा,

इथल्या निळ्याशार मोरेन तळ्याचा मी पाठवलेला फोटो तुम्ही पारावर फिरवलात आणि ‘पोरानं रंग मारलाय’ असं सर्वानुमते ठरलं, हे कळलं. आईची शंका त्यातल्या त्यात सौम्य: सरकार पर्यटकांसाठी नीळ टाकत असेल! पारावर एवढंच सांगा, १९६९ च्या इथल्या वीस डॉलरच्या नोटेवर हेच तळं छापलंय. नोटेवर कुणी शंका घेणार नाही.

करणी सगळी वरच्या हिमनद्यांची. सरकताना त्या खालचा खडक जात्यासारखा दळतात. पीठ इतकं बारीक, की तळाशी बसायचं नावच घेत नाही. पाणी उजेडातला तांबडा भाग गिळतं आणि हे तरंगतं पीठ उरलेला निळा-हिरवा आपल्याकडे उधळतं. उन्हाळ्यात बर्फ वितळून पीठ भरपूर येतं, तेव्हा रंग चढतो. तुमच्या सूनबाईंनी हौसेनं बाटली भरली, तर आत नुसतं किंचित गढूळ पाणी. नातू भोकाड पसरून बसला. पण वीतभर पाणी गिळून गिळून किती तांबडं गिळणार?

आपली कुकडी नदी तरी कुठे एका रंगाला बांधलेली आहे? पावसाळ्यात मातीनं तांबूस, दिवाळीनंतर माती बसली की नितळ, उन्हाळ्यात शेवाळ धरलं की हिरवी. ओझरच्या घाटावर पायाशी पाहिलं तर गाळ दिसतो, येडगाव धरणाच्या फुगवट्यावर लांब नजर टाकली तर आभाळ. तिरप्या नजरेला पाणी पोटातलं दाखवत नाही, वरचंच परत पाठवतं. विघ्नहराच्या दर्शनाला आलेले पुणेकर यावरही भांडतात म्हणा.

आणि लोणारचं तळं? जून २०२० मध्ये ते गुलाबी झालं, तेव्हा तुमच्या पारानं फोटो बिनतक्रार मानला आणि थेट अपशकुन काढला! पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेनं नमुने तपासले. खारटपणा वाढून हॅलोआर्किया नावाचे मीठप्रिय सूक्ष्मजीव माजले होते, गुलाबी रंग त्यांच्या अंगचा. ठेवलेल्या नमुन्यात ते तळाशी बसले आणि वरचं पाणी पारदर्शक झालं.

व्हिसा झाला की पुढच्या जुलैत दोघं या. जानेवारी नको, मोरेन तळं गोठलेलं असतं आणि तिकडचा रस्ताही बंद. आईला लोकरीचे मोजे घेतलेत. गोधडी मात्र तिकडून आणा. इथल्या रजईत माझे पाय उघडे पडतात.

तुमचा,
बाळू