मगादानला जायचंय, चेन तेवढी बघा

(शनिवारची सकाळ. रस्त्याकडेचं गॅरेज. बाहेर एक उंच, चकचकीत ॲडव्हेंचर मोटरसायकल. दोन्ही बाजूंना ॲल्युमिनियमच्या पेट्या, पुढं गार्ड, वर चार जादा दिवे. या सगळ्याच्या मधे कुठंतरी इंजिनही असावं. गिऱ्हाईक जाकीट, गुडघ्याचे पॅड आणि पोटरीपर्यंतचे बूट घालून आलंय. घर दोन चौक लांब आहे. मिस्त्री एका जुन्या स्प्लेंडरच्या पोटात हात घालून बसलेत. पोऱ्या चहाचे ग्लास विसळतोय.)

गिऱ्हाईक : मिस्त्री, मगादानला जायचं ठरतंय. चेन तेवढी बघून ठेवा.

मिस्त्री : (मान वर न करता) मगादान म्हणजे शिरूरच्या पुढं का?

गिऱ्हाईक : रशियात! याकुत्स्कपासून मगादानपर्यंत, दोन हजार किलोमीटर. हाडांचा रस्ता म्हणतात त्याला.

पोऱ्या : पडून हाडं मोडतात म्हणून?

गिऱ्हाईक : नाही रे. स्टालिननं 1932 पासून छावण्यांतल्या कैद्यांकडून करून घेतला. थंडीनं, उपासमारीनं मेले ते रस्त्याच्या भरावातच गाडले, असं सांगतात.

(पोऱ्याचा हात ग्लासातच थांबतो.)

मिस्त्री : आणि तिथं तुम्ही रजा टाकून जाणार.

गिऱ्हाईक : उन्हाळ्यात जाणार. हिवाळ्यात त्या बाजूला उणे पन्नासच्या खाली जातं.

मिस्त्री : गोठलेली जमीन उन्हाळ्यात सुटली की चिखल होतो, साहेब. ते राहू द्या. गाडी किती पळालीय?

गिऱ्हाईक : नवीच आहे हो.

मिस्त्री : (मीटरवर फडकं मारून) तीन वर्षांत एकवीसशे चाळीस. दर शनिवारी माझ्याकडं येऊन-जाऊन एक किलोमीटर धरलं तरी दीडशे माझेच.

गिऱ्हाईक : प्लॅनिंग चालू होतं. आणि एकदम मगादान नाहीच, आधी स्टेल्व्हिओ. इटलीत, आल्प्समध्ये, 2,757 मीटरवरची खिंड. ऑस्ट्रियाच्या बादशहानं 1825 च्या सुमारास बांधून घेतलेला घाट. एका बाजूनं 48 वळणं, आणि प्रत्येक वळणाला नंबर!

पोऱ्या : नंबर कशाला?

मिस्त्री : फोनवर सांगायला बरं पडतं. 'बत्तिसाव्या वळणावर पडलोय, टेम्पो घेऊन या.'

गिऱ्हाईक : वळणंच मोजायची तर अमेरिकेत. टेनेसी आणि नॉर्थ कॅरोलिनाच्या हद्दीवर अठरा किलोमीटरांत 318 वळणं. ड्रॅगनची शेपटी म्हणतात. तिथं आपटलेल्या गाड्यांचे तुकडे एका झाडाला टांगून ठेवतात. लाजेचं झाड!

मिस्त्री : (पहिल्यांदाच स्प्लेंडरमधून हात बाहेर काढत) काय काय असतं झाडाला?

गिऱ्हाईक : आरसे, मडगार्ड, फेअरिंगचे तुकडे...

मिस्त्री : आणि कुणी उतरवून नेत नाही?

गिऱ्हाईक : छे!

मिस्त्री : आपल्याकडं संध्याकाळपर्यंत झाडही राहिलं नसतं. पोऱ्या, या रस्त्याचं नाव लिहून ठेव रे.

गिऱ्हाईक : बोलिव्हियाचा मृत्यूचा रस्ता ऐका. ला पाझहून कोरोइकोकडं. साडेचार हजार मीटरवरून उतरत उतरत पार बाराशेवर. एका अंगाला डोंगर, दुसऱ्या अंगाला दरी, कठडा नाही. 1930 च्या दशकात पॅराग्वेशी लढाई झाली, तिच्यातल्या युद्धकैद्यांना लावून फोडलेला रस्ता.

मिस्त्री : पुन्हा कैदीच. आणि आपण उगाच टेंडरं काढत बसतो.

गिऱ्हाईक : गंमत म्हणजे, सगळ्या बोलिव्हियात उजवीकडून चालवतात, या एका रस्त्यावर मात्र डावीकडून. तिथं ड्रायव्हर डाव्या सीटवर बसतो. तो दरीच्या बाजूला आला की बाहेरचं चाक कडेपासून किती लांब आहे ते खिडकीतून वाकून बघता येतं.

पोऱ्या : म्हणजे पडायच्या आधी कळतं.

गिऱ्हाईक : आता 2006 पासून मोठी वाहतूक नव्या रस्त्यानं जाते. माझ्या मनात खरं तर अलास्का आहे. डाल्टन हायवे! 1974 मध्ये तेलाच्या पाइपलाइनसाठी बांधलेला, 666 किलोमीटर, बराचसा खडीचा. वाटेतल्या कोल्डफूटला टाकी भरली की पुढं साधारण 385 किलोमीटर पंप नाही.

मिस्त्री : शेजारून तेलाची पाइपलाइन जातेय ना?

गिऱ्हाईक : जाते की. कच्चं तेल असतं त्यात.

मिस्त्री : धरणाखालच्या गावासारखी गत. नळ बघायचा आणि टँकरची वाट पाहायची. धूळ किती उडते?

गिऱ्हाईक : धूळ बसावी म्हणून कॅल्शियम क्लोराइड टाकतात.

मिस्त्री : (कळवळून) म्हणजे मीठच की! चिखलाबरोबर उडून रेडिएटरवर बसलं, वाळलं, की छिन्नीनं काढायचं. स्पोक खाणार, चेन खाणार. साहेब, तुम्ही खुशाल जा. गाडी ठेवून जा.

गिऱ्हाईक : तुम्हाला त्या रस्त्यांची भव्यताच कळत नाही.

मिस्त्री : मला रस्ता गाडीवरून कळतो. लेहहून आलेली गाडी दारात लागली की मी न विचारता सांगतो. एअर फिल्टर झटकला की निम्मं लडाख खाली पडतं. घाटात हाफ क्लचवर चालवून क्लच प्लेट जाळलेली, वास येतो. जुनी कार्ब्युरेटरवाली असेल तर प्लग काजळीनं काळा. हवा निम्मी, पेट्रोल तेवढंच, जळणार कसं? लेहला तरी जाऊन या आधी.

गिऱ्हाईक : लेहला आता कुणीही जातं हो.

मिस्त्री : कुणीही जातं, पण तुम्ही गेला नाहीत.

गिऱ्हाईक : (विषय बदलत) शिवाय फसवणूक. तिथल्या खारदुंगला खिंडीच्या पाटीवर वर्षानुवर्षं 18,380 फूट लिहिलेलं. जीपीएस लावला तर 17,582!

मिस्त्री : आठशे फूट जास्त. रिक्षाचं मीटर लावलं असेल. आणि एवढ्याला तुमची ही गाडी कशाला? आमचं एक गिऱ्हाईक स्कूटरवर जाऊन आलं. आलं तेव्हा स्कूटरला फक्त आरसा नव्हता.

गिऱ्हाईक : मोठ्या रस्त्याला मोठीच गाडी लागते. 2004 साली युअन मॅकग्रेगर, सिनेमातला नट, दोस्ताबरोबर लंडनहून न्यूयॉर्कला निघाला. युरोप, कझाकस्तान, मंगोलिया आणि मग हाच मगादानचा रस्ता! बीएमडब्ल्यूच्या साडेअकराशे सीसीच्या गाड्या होत्या.

मिस्त्री : आणि मंगोलियात काय झालं?

गिऱ्हाईक : (आवाज उतरतो) तुम्हाला कुठून माहीत?

मिस्त्री : पोऱ्यानं मोबाइलवर दाखवलं होतं. त्यांच्या कॅमेरावाल्याच्या गाडीची फ्रेम मोडली. गावातल्या माणसानं वेल्डिंग मारलं, तर ब्रेकची वायरिंग जळाली. मग काय घेतलं त्यानं?

पोऱ्या : लाल रशियन गाडी! साधी, हलकी, किक मारायची.

मिस्त्री : आणि चिखलात मोठे सायेब पडत होते तेव्हा हा कॅमेरावाला पुढं जात होता. हाडांच्या रस्त्यावर तर नद्या ओलांडायला गाड्या ट्रकमध्ये चढवल्या त्यांनी. वाईट काही नाही त्यात. पण ट्रकमध्ये चढवायला आधी गाडी उचलता यायला लागते. साहेब, आडवी करू का?

गिऱ्हाईक : काय?

मिस्त्री : गाडी. आडवी करतो, तुम्ही एकट्यानं उभी करा. मगादानला मी नसणार.

गिऱ्हाईक : अहो ओरखडे येतील!

मिस्त्री : गोणपाट टाक रे.

(गोणपाट पसरलं जातं. गाडी हळूच आडवी होते. आपली गाडी झोपलेली बघून गिऱ्हाईकाचा चेहरा दवाखान्याबाहेर बसलेल्या नातेवाइकासारखा होतो.)

मिस्त्री : पाठ सीटला लावा. एक हात हँडलला, एक मागच्या दांडीला. कंबर ताठ. जोर पायानं, पाठीनं नाही.

(गिऱ्हाईक जोर लावतं. बूट करकरतात. गाडी पेटीवर टेकून जराशी डुलते आणि पुन्हा निजते. दुसरा प्रयत्न. तिसऱ्याला मिस्त्री, पोऱ्या आणि स्प्लेंडर न्यायला आलेले आजोबा हात लावतात.)

आजोबा : यात काय भरलंय एवढं?

(मिस्त्री पेटी उघडतात. एकीत फोल्डिंगची खुर्ची, स्टोव्ह, तीन लिटरचा कुकर. दुसरीत पान्यांचा भला मोठा सेट, लेबलसकट. पंक्चरचा डबा, प्लास्टिकही न काढलेला.)

मिस्त्री : पेट्या काढून टाकू?

गिऱ्हाईक : (घाम पुसत, बराच विचार करून) एकच काढा.

मिस्त्री : एकच काढली तर गाडी एका बाजूला ओढते.