शोभेचं पान

बागेच्या ओलसर कडेला शोभेचा रुबार्ब लावावा, पान हातभर रुंद होतं, लाल तुरा माणसाच्या डोक्यावरून जातो, असं वाचलं आणि माझा जीव आमच्या शहागडात रमेना. ओलसर कड आपल्याकडेही होतीच. न्हाणीचं पाणी बाहेर पडतं ती. पाहुण्यांना दिसू नये म्हणून तिथं पत्रा लावलेला. तो काढला आणि पाहुण्यांना मुद्दाम तिकडूनच घरात घ्यायचं ठरवलं.

रुबार्ब म्हणजे आपल्या रेवंदचिनीचाच सगा. तिची पिवळी मुळी पोट साफ करते. पण तिचा दरारा बघा! रशियाच्या झारांनी तिच्या व्यापाराचा मक्ता स्वतःकडे ठेवला होता. 1839 साली लिन झेशू या चिनी अधिकाऱ्यानं व्हिक्टोरिया राणीला पत्र लिहिलं: अफू थांबवा, आमचा चहा आणि रेवंदचिनी नसेल तर परक्या देशांचं एक दिवसही भागायचं नाही. सूर्य न मावळणारं साम्राज्य, आणि त्याच्या नाड्या कुठं अडकलेल्या! पत्र राणीपर्यंत पोहोचलंच नाही म्हणतात. माझं हे पुराण मात्र सगळ्यांपर्यंत पोहोचतं. दूधवाला हल्ली फाटकाबाहेरूनच माप ओततो.

रुबार्ब थंडीतला, आमचा मे बेचाळीस अंशांचा. म्हणून काळ्या पानांचं शोभेचं अळू आणलं. नातं काही नाही, पण दोघांच्याही पानांत ऑक्झॅलेट. तेवढ्यावर मी सोयरीक जुळवली. पाहुणे पान चिमटीत धरून म्हणाले, "गुरुजी, वड्या होतील का?" शोभेचं आहे म्हटलं, तर म्हणे, "मंग खाजत असंल."

मायला हे शोभेचं अळू रुचलं नाही. 2013 च्या दुष्काळात टँकरच्या पाण्यानं भांडी घासून ते धुवण ती याच कोपऱ्यातल्या चमकुऱ्याला, म्हणजे खायच्या अळूला, घालायची. गोदावरी हाकेवर, वर पैठणला एवढा नाथसागर, आणि गावात हंड्यांची रांग. समन्यायी पाणीवाटपाचा कायदा 2005 सालचा. वरच्या धरणांतून नाथसागरात किती सोडायचं यावर वकील भांडत होते, तेव्हा हंडा माझ्या मायच्या डोक्यावर होता. याचा राग मला अजून येतो, आणि शोभेच्या झाडाला पाणी घालताना जरा जास्तच येतो.

"पाणी घालायचंच तर खायच्याला घाल," म्हणत तिनं शेजारी चमकुऱ्याचे कंद खोचले. त्यांनी काळ्या पानांना केव्हाच झाकून टाकलं. पाहुणे फोटो चमकुऱ्याचाच काढतात. मी लिन झेशूपासून सुरुवात करतो, तेवढ्यात माय चिंचगूळ लावलेल्या वड्यांचं ताट आणते, आणि राणीला कुणी विचारत नाही.