आवाज पाहिजे का पिकअप?

वॅगनआरचा सायलेन्सर फुटल्यावर नवा कोणता बसवावा, या प्रश्नाचं उत्तर एका शब्दाचं आहे : कंपनीचा. प्रस्तुत लेखकाला हे उत्तर पहिल्याच दिवशी ठाऊक होतं आणि म्हणूनच त्याने ते कोणाला विचारलं नाही. उत्तर मिळालं की विषय संपतो, आणि हा विषय इतक्यात संपू नये अशी त्याची मनापासून इच्छा होती. चष्म्याचा नंबर आणि रक्तातली साखर यांची चुरस लागलेल्या माणसाच्या आयुष्यात ‘एक्झॉस्ट सिस्टीम निवडणे’ हा योग पुन्हा कधी यायचा?

गाडी तरी कुठली, तर वॅगनआर. ९९८ सीसी, तीन सिलिंडर, ६७ अश्वशक्ती. डोक्यावरची टोपी न काढता बसता येतं, मागची सीट पाडली की भरिताची वांगी पोत्याने येतात, सासुरवाडीचा माणूस पाय लांब करून झोपतो. अशा गाडीला स्लोव्हेनियाचा अक्रापोविच शोभेल की ऑस्ट्रियाचा रेमुस, याचा अभ्यास लेखक रात्री कानात हेडफोन घालून करत असे. हे व्हिडिओ सगळे एका साच्याचे असतात. गाडी उभी. एक जण आत बसून ॲक्सिलरेटर दाबतो, दुसरा मागे उकिडवा बसून नळीच्या तोंडाशी मोबाइल धरतो. गाडी कुठेही जात नाही. लेखकाला त्याची अडचण वाटली नाही. तोही कुठे जात नव्हता.

मिस्तरीने गाडी खड्ड्यावर घेतली आणि स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने मागच्या डब्यावर ठोकून पाहिलं. पुढच्या अंगाला ठणठण वाजलं, शिवणीजवळ मात्र भद्द. मग त्याने टोक नुसतं टेकवलं, तर ते मुठीपर्यंत आत गेलं. तपकिरी पापुद्रे त्याच्या कपाळावर पडले आणि पाठोपाठ गंजाचं लालसर पाणी मनगटावरून कोपरापर्यंत ओघळलं. ‘आतूनच खाल्लाय,’ तो म्हणाला.

यात पेट्रोलचा दोष नाही, लेखकाच्या दिनक्रमाचा आहे. एक लिटर पेट्रोल जळलं की जवळजवळ लिटरभर पाणी तयार होतं. ते वाफ होऊन नळीवाटे निघून जायला हवं. पण त्यासाठी सायलेन्सर चांगला तापावा लागतो. घर ते दूध, दूध ते बँक, बँक ते घर एवढ्या चकरांत तो तापत नाही, वाफेचं पाणी होतं आणि डब्यात बसून पत्रा खातं. मे महिन्यात पारा ४५ला टेकतो तेव्हा अख्ख्या जळगावात एकच वस्तू ओली राहते, ती म्हणजे कमी फिरणाऱ्या गाडीच्या सायलेन्सरचं पोट.

‘फ्री-फ्लो टाकला तर?’ लेखकाने आवाज होता होईल तितका सहज ठेवून विचारलं.

गॅरेजमधल्या पोराने गाडीकडे पाहिलं, लेखकाकडे पाहिलं, पुन्हा गाडीकडे पाहिलं. ‘काका, हिला?’

‘हिला’ ठीक होतं. ‘काका’ लागलं. ज्या गावात रिक्षावाला प्रवाशाला, प्रवासी कंडक्टरला आणि पडलेला उमेदवार निवडून आलेल्याला ‘भो’ म्हणतो, तिथे लेखकाला बऱ्याच वर्षांत कोणी भो म्हटलेलं नाही. शेजारी उभ्या बुलेटवाल्या पोराला मात्र ‘काय भो, मफलर कधी टाकला?’ अशी विचारपूस झाली. लेखकाच्या तांत्रिक जिज्ञासेचा उगम शोधायचा तर तो इथे सापडेल.

जिज्ञासा तांत्रिक होती यात मात्र शंका नको. कंपनीच्या डब्यात पडदे असतात. धूर एका नळीतून येतो, पडद्यावर आपटतो, मागे फिरतो, दुसऱ्या नळीत शिरतो. आवाजाच्या लाटा आपसात धडकून एकमेकींना मारतात. फ्री-फ्लोमध्ये भोकांची एक सरळ नळी आणि तिच्याभोवती काचेची लोकर, बस्स. धुराला वाट मोकळी आणि आवाजालाही. तीन सिलिंडरचं इंजिन ३००० फेऱ्यांवर सेकंदाला ७५ ठोके देतं. हे ७५ ठोके बाहेरच्या माणसाला दोन क्षण ऐकू येतात, आतल्या माणसाला थेट पारोळ्यापर्यंत. बंद काचांच्या उंच डब्यात तो घुमणारा ‘घूं’ कपाळात बसतो आणि एरंडोल यायच्या आत बायको माहेरच्या आठवणी काढू लागते.

आणि ताकद? टर्बो नसलेल्या छोट्या इंजिनाला नुसता मागचा डबा बदलून फार तर एखाद-दोन अश्वशक्ती मिळते. एसी लावला की त्याहून जास्त जाते. म्हणजे फ्री-फ्लो बसवून जळगावच्या उन्हात एसी बंद ठेवला, तर लेखकाची गाडी खरोखरच वेगवान झाली असती.

‘बडी नळी टाकून घ्या, मोकळं होऊ द्या,’ असा सल्ला शेजारच्या दुकानातून फुकट मिळाला. इथे लेखकाचा खान्देशी स्वाभिमान जागा झाला, कारण नळी हा आमचा विषय आहे. याबद्दल थोडं सविस्तर बोललं पाहिजे. घाई असलेल्या वाचकाने पुढचा मजकूर ओलांडून धुळ्याला जावं.

सोनं आणि केळी यांची नावं लोक घेतात, पण जळगावचा जीव नळीत आहे. १९८० मध्ये भवरलाल जैनांनी पीव्हीसी पाइप करायला घेतले, मग ठिबक आलं, आणि पाणी कुठून किती जोराने जातं हा जिल्ह्याचा पारावरचा विषय झाला. इथल्या लग्नात नवरदेवाच्या मामाला पगार विचारण्याआधी विहिरीवर पाच एचपी आहे की साडेसात आणि मेन लाइन अडीच इंची की तीन इंची, हे विचारलं जातं. बरं, हे वेड जळगावपुरतं नाही. पांझरेच्या काठचे शेतकरी बंधाऱ्यांचं पाणी पाटाने फडाफडांत फिरवत आले, तेव्हा पीव्हीसीचा जन्मही झाला नव्हता. १८८४ साली मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात लागलेले मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या नोकरीच्या अगदी सुरुवातीला खान्देशात आले, तेव्हा त्यांच्या वाट्याला काय आलं? साक्री तालुक्यातल्या दातर्तीला प्रवाहाखालून पाणी पलीकडे नेणारा पाइपचा सायफन. पुढे त्यांनी कृष्णराजसागर बांधलं, म्हैसूरचे दिवाण झाले, भारतरत्न झाले. पण हात बसला तो आमच्या नळीवर. धुळ्याच्या माणसाने हे कोणी न विचारता सांगावं, असं लेखकाचं मत आहे आणि तो स्वतः जळगावचा असूनही सांगतो.

तर या वारशाच्या बळावर लेखक ठामपणे म्हणू शकतो की बडी नळी हा अडाणीपणा आहे. बागेत पाइपच्या तोंडावर अंगठा दाबला की पाणी पार कुंपणापर्यंत जातं; अंगठा काढला की पायाशी पडतं. धुराचंही तेच. नळी बेताची असली की धूर वेगाने पळतो आणि एका सिलिंडरचा धूर दुसऱ्याच्या धुराला ओढून घेतो. रुंद केली की वेग मरतो आणि खालच्या फेऱ्यांवर, म्हणजे अजिंठा चौफुलीवर सिग्नल सुटल्यावर, गाडी धापा टाकते. ‘कॅटकॉन उडवून टाका, फुकट काढून देतो,’ हा दुसरा सल्ला तर त्याहून वरचा. कॅटकॉन म्हणजे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, धुरातलं विष मारणारा डबा; त्यात प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम असतं. काढला की विषारी धूर तसाच बाहेर, सेन्सर बोंबलतो, डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागतो. फुकट काढून देणाऱ्याच्या परोपकाराची किंमत सोन्याच्या पेठेत वाढलेल्या माणसाला तरी समजावी.

धुळ्याला एक आर्गन वेल्डिंगवाला आहे, तो हवा तसा एक्झॉस्ट बनवून देतो, अशी माहिती लागल्यावर लेखकाला तिकडचं एक लग्न चुकवता येण्यासारखं राहिलं नाही. मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर हे दोन महामार्ग जिथे एकमेकांना भेटतात, तिथल्या वेल्डरने आयुष्यभर ट्रकच्या नळ्यांत डोकं घातलेलं असतं. त्याने इंजिन चालू करायला सांगितलं, डोळे मिटून ऐकलं आणि म्हणाला, ‘जिभाऊ, आवाज पाह्यजे का पिकअप?’

‘दोन्ही.’

‘दोन्ही पाह्यजे? मंग टॅक्टर ल्या ना.’

यावर लेखकाने जगाचा दाखला काढला. हुंदाईने २०२१ मध्ये आय-२० एन लाइन आणली, तिला कंपनीतूनच दुहेरी नळी आणि घोटीव आवाज होता. बीएमडब्ल्यूच्या एम-५ मध्ये तर इंजिनाचा आवाज आतल्या स्पीकरवर वाजवतात. वेल्डरला यातलं स्पीकरचं पटलं. टेपवर ट्रॅक्टरचा आवाज लावून फिरा, पोलीसही पकडणार नाहीत, असं त्याने सुचवलं.

पोलिसांचा विषय त्याने काढला हे बरं झालं. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की कंपनीने बनवलेल्या गाडीत मनमानी बदल करायचे नाहीत. १८२-अ(४) नुसार अशा बदलाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही. आणि दंड नगावर आहे, प्रत्येक बदलाला वेगळा. हेडर, रेझोनेटर, डबा, नळी मिळून हिशेब लेखकाने वेल्डरच्याच कॅल्क्युलेटरवर केला. आवाजासाठी कलम १९०(२) आणखी निराळं : पहिल्याच वेळी १०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद. बुलेटवाल्या पोरांना हे सगळं तोंडपाठ असतं, फक्त कलमांचे आकडे नसतात.

त्या पोरांचं इथे थोडं वेगळं बोलायला हवं, आणि ते गमतीने बोलवत नाही. ना. न. फडणीसांनी १८८७ पासून जळगावातून ‘काव्यरत्नावली’ हे मासिक चालवलं. त्यात फक्त कविता. गावाने त्याच्या नावाचा चौक केला, अशी गावं महाराष्ट्रात फार नाहीत. रात्री त्याच काव्यरत्नावली चौकात एखादी बुलेट येते, पोरगा चालू गाडीचा स्विच बंद-चालू करतो आणि नळीतून बंदुकीसारखे बार निघतात. रुग्णालयाभोवती १०० मीटर शांतता क्षेत्र असतं, तिथे रात्रीची मर्यादा ४० डेसिबल. ती कागदावर आहे. नुकतं ऑपरेशन झालेला माणूस खाटेवर दचकतो तेव्हा टाके त्याचे ओढले जातात, कागदाचे नाही. नवी प्रवासी मोटार कारखान्यातून निघताना तिने चाचणीत ७४ डेसिबलच्या आत राहावं, यासाठी इंजिनिअर वर्षानुवर्षं राबतात आणि इथला एक मिस्तरी ते पडदे जेवणाच्या सुट्टीआधी कापून ठेवतो. मग कुठल्या ना कुठल्या शहरात जप्त सायलेन्सर रस्त्यावर ओळीने मांडून त्यांच्यावर रोडरोलर फिरवला जातो, फोटो छापून येतो, आणि ते सायलेन्सर विकणारं दुकान दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला उघडतं. त्या दुकानावर कधी रोलर गेल्याचं लेखकाने वाचलेलं नाही. चीड येते ती पोरांपेक्षा याची.

एवढी चीड येते तर हा माणूस इतके दिवस त्याच वस्तूचे भाव का काढत होता, असं कोणी विचारेल. त्याचं कारण आबा.

आबांकडे राजदूत होती. ती वळणावर आली की आई तव्यावर कळण्याची भाकर टाकायची; गाडी लावून, पाय धुऊन आबा पाटावर बसेपर्यंत भाकर फुगलेली असायची. घड्याळ घरात होतं, पण स्वयंपाक राजदूतवर चालायचा. आता आई नाही, राजदूत नाही आणि आबांना ऐकू कमी येतं. संध्याकाळी ते ओट्यावर बसतात. वॅगनआर फाटकाशी येऊन थांबते, लेखक उतरतो, कडी काढतो, आणि खांद्याला हात लागेपर्यंत आबांना पत्ता नसतो. मग ते दचकतात आणि दचकल्याचं लपवण्यासाठी रागावतात. युरोपात २०१९ पासून विजेच्या गाड्यांच्या नव्या मॉडेलांना कमी वेगात मुद्दाम आवाज करणारं यंत्र सक्तीचं झालं, कारण गाडी आल्याचं पायी चालणाऱ्याला कळेना. ओट्यावर बसलेल्यांचा विचार अजून कोणी केलेला नाही.

सायलेन्सर फुटला त्या आठवड्यात गाडी वळणावर आली तर फाटक सताड उघडं आणि आबा धोतराचा सोगा धरून बाजूला उभे. ‘आली गाडी, केव्हाची ऐकतोय,’ म्हणाले. दुसऱ्या दिवशीही तेच. अक्रापोविच आणि रेमुसचे व्हिडिओ त्यानंतर वाढले, हे लेखकाने ना मिस्तरीला सांगितलं, ना वेल्डरला.

शेवटी तोडगा निघाला तो मोबाइलचा. आबांचा बटणांचा फोन थरथरण्यावर ठेवून सदऱ्याच्या खिशात घातला. वळणावरून मिस्ड कॉल द्यायचा, की छातीशी गुरगुर होते आणि आबा उठतात. ते तो फोन उचलतात, फाटकाशी उभे राहून ‘हॅलो, कोण बोलतंय?’ असं अख्ख्या गल्लीला विचारतात, आणि लेखकाला समोरच्या गाडीतून हात करून सांगावं लागतं की मीच. या सगळ्यात ४० डेसिबलची मर्यादा रोज मोडते, पण कलम लागत नाही.

कंपनीचा सायलेन्सर मागवला. नवी गॅस्केट, नवे हँगर रबर. मिस्तरीने बोल्ट आवळले, इंजिन चालू केलं, आणि ते चालू आहे की नाही हे पाहायला नळीपाशी हात धरला. लेखक बिल द्यायला खिशात हात घालत होता, तेवढ्यात पोरगा आतून काहीतरी चमचमतं घेऊन आला.

‘काका, टिप टाकू का? नुसती पुंगळी, आवाजबिवाज काही नाही. गोल आहे, चपटी आहे, आणि ही जळक्या निळ्या रंगाची. पोरं हीच नेतात भो.’

लेखकाने पैसे परत खिशात ठेवले, खुर्ची मागवली आणि तिन्ही जरा उन्हात धरायला सांगितल्या.