वळण लावणारा माणूस

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात संध्याकाळी एखाद्या लेथच्या दुकानाबाहेर हातात वाकडी पट्टी घेऊन उभा असलेला माणूस दिसला, तर तो गिऱ्हाईकच असेल असं नाही. लेथवाला त्याला चांगला ओळखतो, आणि ओळखतो म्हणूनच आधी बाकीच्यांची कामं उरकून घेतो. या माणसाचं काम “फक्त एक भोक पाडायचंय” असं सुरू होतं, आणि शटर अर्धं खाली येईपर्यंत त्या भोकाचं माप तीनदा बदललेलं असतं.

हा खटपट्या. दिवसा पतसंस्थेत कॅशियर. घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये तो गेली तीन वर्षं पेट्रोलवर चालणारी, चार चाकांची, बिनमाणसाची गाडी बनवतोय. कशासाठी, ते विचारू नये. पहिल्या वर्षी ती उसात औषध मारणार होती, दुसऱ्या वर्षी बांधावरून वैरण आणणार होती, यंदा ती नुसती “टेस्टिंगसाठी” आहे. शेजारच्या अण्णांनी एकदा वाकून तिची सगळी पाहणी केली.

“ह्यात बसायचं कुठं?”

“बसायचं नाही अण्णा. आपोआप चालती.”

“मग गावाला जायचं कसं?”

या प्रश्नाला खटपट्याकडे अजून उत्तर नाही.

बॅटरीवर का नाही केली, असं कुणी विचारलं की मात्र त्याला उत्साह येतो. एक लिटर पेट्रोलमध्ये साधारण 9 युनिट ऊर्जा असते. मारुतीच्या 35 अँपिअर-तासांच्या बॅटरीत अर्धं युनिटसुद्धा नसतं. इंजिनानं तीन चतुर्थांश उष्णतेत उडवली तरी दोन युनिटं हातात राहतात. हिशेब चोख आहे, शेवटी कॅशियर माणूस. पण एक गोष्ट तो त्यात धरत नाही. बॅटरीवरच्या रोबोला डाव्या-उजव्या बाजूला वेगळ्या मोटरी लावल्या आणि एक हळू केली, की तो आपसूक वळतो. भंगारातल्या स्कूटरच्या एकुलत्या एका इंजिनाला ते जमत नाही. त्याला फक्त पुढं जाणं ठाऊक. म्हणजे स्टिअरिंग आलं, आणि स्टिअरिंग आलं म्हणजे तीन वर्षं गेली.

त्याची आई दारात तांदूळ निवडताना येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगते, “आमी ह्येला येळेवर वळण लावलं न्हाई, आता ह्यो गाडीला लावतोय.”

पहिला प्रयोग सोपा होता. पुढचा आख मधोमध एका बोल्टवर फिरता ठेवायचा, जुन्या घोडागाड्यांना असे तसा. एक चाक दगडाला लागलं की अख्खा आख हिसका मारून फिरायचा. हे दुखणं 1816-17 च्या सुमारास म्युनिकच्या लांकेनस्पेर्गर नावाच्या गाड्या बनवणाऱ्यानं बरं केलं होतं: आख जागेवर ठेवायचा आणि दोन्ही चाकं आपापल्या टोकाशी फिरवायची, आतलं चाक जास्त, बाहेरचं कमी. त्याचं इंग्लंडमधलं पेटंट 1818 साली लंडनच्या रुडॉल्फ अकरमन यांनी घेतलं आणि जगभर नाव झालं ते अकरमनचं. यावर खटपट्या लांब उसासा सोडतो. शोध आपला आणि नाव भलत्याचं, हे आपल्याही वाट्याला येणार याची त्याला खात्री आहे. आधी शोध लागायला हवा, हे त्याला कोण सांगणार?

अकरमनची भूमिती त्यानं शेडच्या फरशीवर खडूनं मांडली. पुढच्या चाकांच्या स्टिअरिंग आर्मपासून दोन सुतळ्या मागं ताणायच्या. त्या मागच्या आखाच्या मध्याशी भेटल्या तर जमलं. बायको एक सुतळी धरून, मुलगी दुसरी धरून, आणि हा मध्ये पालथा पडून एक डोळा मिटलेला. सुतळ्या भेटल्या. मग गडी हर्षभरित होऊन वेल्डिंगवाल्याकडे गेला आणि आर्म उलटे जोडून घेऊन आला. गाडी वळताना टायर असे किंचाळायचे की अण्णांनी रेडिओ बंद करून घेतला.

चाकं वळवायला शक्ती हवी. खेळण्यातल्या विमानाची सर्व्हो मोटर लावली, तर आतल्या नायलॉनच्या गिअरचे दात पहिल्याच खड्ड्यात पडले. मग भंगारवाल्याकडून मारुती 800 ची वायपरची मोटर आणली. ही निवड, खरं सांगायचं तर, फार शहाणपणाची. तिच्यात वर्म गिअर असतो. मोटर चाकाला ढकलते, पण चाक मोटरला उलटं ढकलू शकत नाही, त्यामुळे खड्ड्यातही वळण जागचं हलत नाही. अडचण एवढीच, की अशा बऱ्याच मोटरींची एक बाजू त्यांच्या बॉडीलाच अर्थ केलेली असते. वायपरला मोटर एकाच दिशेला फिरली तरी चालतं. स्टिअरिंगला दोन्हीकडे फिरावं लागतं. तारा उलट्या केल्या की मोटरची बॉडी 12 व्होल्टवर जाते आणि गाडीच्या सांगाड्याला भिडते. खटपट्याला हे पाच फ्यूज उडाल्यावर कळलं. सहाव्या फ्यूजच्या आधी त्यानं मोटरखाली सायकलच्या ट्यूबचा तुकडा कापून घातला आणि नटबोल्टांनाही रबरी टोप्या चढवल्या.

या सगळ्यात त्याला धीर देते ती अमेरिका. 13 मार्च 2004 रोजी मोहावेच्या वाळवंटात तिथल्या संरक्षण खात्याच्या ‘डार्पा’ संस्थेनं बिनड्रायव्हरच्या गाड्यांची शर्यत लावली होती. अंतर 142 मैल, बक्षीस 10 लाख डॉलर. सगळ्यात पुढं गेलेली कार्नेगी मेलन विद्यापीठाची हमवी साडेसात मैलांच्या आतच अडकली, आणि तीही कुठं? वळणावर! एका संघाची मोटरसायकल तर तोल सांभाळणारी यंत्रणा चालू करायची राहिल्यानं सुटल्यासुटल्याच आडवी झाली. बक्षीस कुणालाच मिळालं नाही. पुढच्याच वर्षी पाच गाड्यांनी शर्यत पूर्ण केली, हे तो सांगत नाही.

बायकोचा दाखला मात्र जवळचा असतो. सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्रे गावी एका लोहारानं भंगारातून छोटी जीप बनवली, दुचाकीसारखी किक मारून चालू होणारी. 2022 च्या जानेवारीत आनंद महिंद्रांनी तिच्या बदल्यात त्यांना नवी बोलेरो दिली. “तुम्हाला काय मिळालं?” असं ती विचारते. “त्यांच्या गाडीला ड्रायव्हर लागतो,” असं हा तुच्छतेनं सांगतो.

गेल्या मे महिन्यात माळावर चाचणी झाली. चाकं किती वळलीत हे कंट्रोलरला एका पोटेन्शिओमीटरवरून कळतं: 0 म्हणजे पूर्ण डावीकडे, 512 म्हणजे सरळ, 1023 म्हणजे पूर्ण उजवीकडे. इंजिनाच्या थरथरीनं त्याची 5 व्होल्टची तार तुटली, आकडा शून्यावर आला. चाकं डावीकडेच राहिलीत अशा समजुतीनं मोटर त्यांना उजवीकडे रेटत राहिली, आणि गाडीनं माळावरच्या वडाला फेऱ्या घालायला घेतल्या. वटपौर्णिमेला अजून अवकाश होता. इंजिन बंद करायचं बटण गाडीवरच होतं. तीन फेऱ्या तो तिच्यामागं धावला, चौथ्या फेरीला बटण सोडून त्यानं स्पार्क प्लगची टोपीच ओढली. गाडी थांबली, आणि विजेच्या झटक्यानं तोही क्षणभर थांबला.

आता बंद करायचं बटण रिमोटवर आहे आणि रिमोटचा संपर्क तुटला तर इंजिन आपोआप बंद होतं. पण त्या दिवशी रेटारेटीत वायपरची मोटर जळाली ती जळालीच. मारुती 800 चं उत्पादन 2014 मध्ये थांबलंय, भंगारवाल्याकडचा साठाही संपलाय. तुमच्या दारात अजून एखादी उभी असेल, तर पावसाळा तोंडावर आहे, वायपर एकदा चालवून बघा.