माळ्यावरचा सातबारा

वसमतच्या एसटीत कंडक्टरने आमच्या पिशवीतल्या रिकाम्या काचेच्या बरण्या पाहिल्या आणि विचारलं, "लोणचं संपलं व्हय?"

"माती आणायला चाललोय," मेव्हण्याने गंभीरपणे सांगितलं. कंडक्टरने तिकीट दिलं, सुटे दिले आणि मग वसमत येईपर्यंत आमच्या बाजूला पाहिलंच नाही.

मेव्हण्याला शेती घ्यायची होती. महाराष्ट्रात शेतजमीन घ्यायची तर आधी शेतकरी असावं लागतं. मेव्हण्याच्या नावावर आजोबांच्या वाटणीतले काही गुंठे आहेत. त्यात त्याने आजवर फक्त फोटो काढलेत, पण कायद्याला तेवढं पुरतं. परदेशात जुनी शेती घेण्याआधी तिच्यात मुरलेली रसायनं तपासतात, असं त्याने कुठंतरी वाचलं होतं. तसला नमुना प्लॅस्टिकच्या पिशवीत नेऊ नये, हेही वाचलं होतं. म्हणून बरण्या. बरण्या माझ्या घरच्या, म्हणून मी.

परभणी सोडल्यावर झिरोफाटा लागतो. शून्यापासून सुरुवात झाली म्हणून मेव्हणा खूश झाला. पुढे रस्त्याच्या कडेने हळद शिजवायचं काम जोरात होतं. वाफ, धूर आणि ओल्या हळदीचा उग्र वास थेट खिडकीतून आत. वसमतच्या हळदीला 2024 साली भौगोलिक मानांकन मिळालं. मानांकनाआधीपासून तिला कंदमाशी मिळालेली आहे, आणि कंदमाशीवरचा वर्षानुवर्षांचा उतारा म्हणजे थिमेट हे कीटकनाशक, कागदोपत्री फोरेट. 2020 सरताना देशात त्याच्यावर बंदी आली.

वसमतला एजंट मोटारसायकल घेऊन हजर होता. तिघं एका गाडीवर, बरण्या माझ्या मांडीवर. औंढ्याच्या दिशेने जाताना तो मान वळवून माहिती देत होता, आणि त्याने मान वळवू नये एवढीच माझी नागनाथाला प्रार्थना होती. औंढ्याजवळ गुरुत्वीय लहरी टिपणारी लायगोची वेधशाळा होते आहे. चार-चार किलोमीटरच्या दोन भुजा, आणि मोजायचं काय, तर प्रोटॉनच्या रुंदीच्या दहा हजाराव्या हिश्श्याएवढी हालचाल. "म्हणजे जमिनीचा भाव वाढणारच," एजंट म्हणाला. गुरुत्वीय लहरींचा एवढा सोपा अर्थ मी याआधी ऐकला नव्हता.

जमीन काळीभोर होती. एजंटने लॅमिनेट केलेली मृदा आरोग्य पत्रिका काढली. नत्र, स्फुरद, पालाश, सामू, सेंद्रिय कर्ब, पार बोरॉनपर्यंत बारा गोष्टी. त्यात कीटकनाशकाचा अवशेष नाही. पत्रिका पिकाची भूक सांगते, विषबाधा नाही. शिवाय तिच्यासाठी नमुना घेताना विहीर, बांध, झाडाखालची सावली, गोठा ही ठिकाणं टाळायची असतात. फवारणीचं पाणी कालवतात विहिरीपाशी, डबे फेकतात बांधावर, उरलेलं औषध ठेवतात गोठ्यात. म्हणजे विष शोधायचं तर सरकारी सूचना उलटी धरून चालायचं. मेव्हणा तसा चालू लागला. एजंटने माझ्याकडे "पाव्हण्यांची तब्येत बरी आहे ना?" अशा नजरेने पाहिलं.

मी सातबारा घेऊन धुऱ्यावर बसलो. लोक त्यात बोजा पाहतात, वारस पाहतात. नमुना बारा मात्र कुणी नीट वाचत नाही, आणि पीकपाहणीचा रकाना तर खरा बोलका. त्यात जुना कापूस होता, नंतर सोयाबीन, अलीकडे हळद. कापसाच्या काळात एंडोसल्फान असणार. ते सर्वोच्च न्यायालयाने 2011 साली थांबवलं. त्याआधी बीएचसी पावडर, जिच्यावर 1997 साली बंदी आली. बीएचसी, डीडीटी ही मंडळी मातीत वर्षानुवर्षं मुक्काम करतात. थिमेट त्या मानाने लवकर उठतं.

एवढ्यात मालक आले. वय झालेलं, धोतर, टोपी. मेव्हण्याने अदबीने विचारलं, "मामा, या रानात कोणकोणती औषधं मारलीत?"

मामांना वाटलं, आपण रानाची हेळसांड केली असा संशय आहे. ते दुखावले. "कोणतं नाई मारलं ते इचारा! रोगर मारलं, मोनो मारलं, एंडोसल्फान तर डब्यानं आणलं. पोटाला चिमटा घेतला, पण रानाला काई कमी पडू दिलं नाई!"

मेव्हण्याचा चेहरा उतरत गेला तसे मामा यादी वाढवत गेले.

खरी माहिती सालगड्याकडे होती. तो आम्हाला शेतातल्या आखाड्यावर घेऊन गेला आणि शिडी लावून माळा दाखवला. वर गंजलेले डबे, फाटक्या थैल्या, लाल त्रिकोणाच्या अर्ध्या भरलेल्या बाटल्या, आणि पांढऱ्या पावडरीचं एक पोतं, ज्यावरची अक्षरं उंदरांनी खाल्ली होती. उंदीर दिसत नव्हते. खाली त्याच जातीच्या धुतलेल्या डब्यात बियाणं ठेवलेलं. "यवतमाळात फवारताना माणसं मेली, त्या सालापासून म्या वर चढत नाई," तो म्हणाला. ते साल 2017. तिथे वीसहून जास्त शेतकरी-मजूर गेले.

मेव्हणा म्हणाला, "हे सगळं काढून द्या, मग इसार."

"काढायचं कामून?" मामा चकित झाले. "जमिनीबरोबर फुकट देतो की! आता बाजारात मिळत नाई हे."

आमचं भांडण व्हायचं ते इथं झालं. मामांनी नदीत टाकतो म्हटलं, एजंटने जाळतो म्हटलं. जाळलं तर विषारी धूर, पुरलं तर विहीर, नदीत टाकलं तर पुढची सगळी गावं. असला माल घेणारी घातक कचऱ्याची केंद्रं राज्यात हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी, त्यातलं एक पुण्याजवळ रांजणगावला. म्हणजे माळ्यावरचा माल तिथवर जाणार, आणि गाडीभाडं कोणी द्यायचं यावर सौदा अजून अडलेला आहे.

तुम्ही जुनी शेती बघायला जाल तेव्हा इसारपावती करण्याआधी सालगड्याला गाठा आणि शिडी मागा. सातबारा काय, घरबसल्या मोबाइलवर मिळतो.